प्रोग्रॅमलाही तपासावे लागते, अंदाजाने औषध देऊन चालत नाही

भातकापणीच्या दिवसांत शहापूर-मुरबाड भागातल्या सरकारी दवाखान्यांत सर्पदंशाचे रुग्ण येत राहतात. साप कुठला होता हे सोबतच्या माणसांना क्वचितच सांगता येते. गवतात काहीतरी सळसळले आणि पायाला झोंबले, एवढीच माहिती. अशा वेळी आम्ही एक अगदी साधी तपासणी करतो. रुग्णाचे दोन मिलीलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, नळी वीस मिनिटे न हलवता उभी ठेवायची आणि मग हळूच तिरपी करून पाहायची. रक्त गोठलेले नसेल तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचे विष भिनले आहे असे धरून प्रतिविष सुरू करायचे. गोठले असेल तरी रुग्णाला घरी पाठवायचे नाही. पापण्या जड होतात का, गिळताना त्रास होतो का, हे पाहत राहायचे, कारण नाग आणि मण्यार रक्तावर नव्हे तर नसांवर घाव घालतात.

या तपासणीला वीज लागत नाही की महागडे यंत्र. तरीही ती टाळून कुणी डॉक्टर ‘बघू या देऊन’ म्हणत प्रतिविष टोचू लागला तर आपण त्याला माफ करणार नाही. प्रतिविषाचीही रिॲक्शन येते आणि ती जिवावर बेतू शकते.

आता याच भागातला दुसरा वर्ग पाहा. आसनगावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. कसारा लोकलने रोज कितीतरी मुले-मुली इथे उतरतात, आणि इथलीच शिकलेली कितीतरी मुले ठाणे-ऐरोलीकडच्या कंपन्यांत सॉफ्टवेअर लिहायला जातात. त्यांच्यापैकी कुणालाही विचारा, प्रोग्रॅम चुकला की काय करतोस? बहुतेक वेळा उत्तर असे येते: एखादी ओळ बदलून पाहतो, नाही जमले तर दुसरी बदलतो, तेही नाही जमले तर मित्राला किंवा हल्ली एआयला विचारून तिसरी टाकतो. कधीतरी प्रोग्रॅम चालू लागतो. का चालू लागला, हे ठाऊक नसते. पावसाळ्यात तापाच्या रुग्णाला रक्त न तपासता पॅरासिटामॉल देण्यासारखेच हे. ताप उतरतो, पण मलेरिया, डेंग्यू की लेप्टो, हे गुलदस्त्यातच राहते.

आरोग्याच्या सदरात सॉफ्टवेअर कशाला, असे कुणी म्हणेल. एखाद्या अतिदक्षता कक्षात जाऊन पाहा. थेंब-थेंब औषध सोडणारा पंप, श्वास देणारा व्हेंटिलेटर, उशाशी टिकटिकणारा मॉनिटर, या प्रत्येकाच्या आत कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम चालू असतो. तो लिहिणारा माणूस रुग्णाला कधीच पाहत नाही. त्याने चूक कशी शोधली, की शोधलीच नाही, याचा हिशेब मात्र रुग्णाच्या शरीरावर होतो.

प्रोग्रॅममधल्या चुकीला ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात, आणि ती शोधून काढण्याला ‘डीबगिंग’. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ या संगणकात खरोखरीचा पतंग सापडला आणि तिथल्या मंडळींनी तो वहीत चिकटवून ठेवला, ही गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. शब्द त्याहून जुना आहे, एडिसनही यंत्रातल्या दोषाला बग म्हणत असे. मला स्वतःला पतंगापेक्षा १९५१ सालचा एक शोधनिबंध जास्त आवडतो. केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर काम करणाऱ्या स्टॅन्ली गिल यांनी तो लिहिला. प्रोग्रॅमची एकेक पायरी चालताना काय घडते याची नोंद छापून देणारा दुसरा प्रोग्रॅम कसा लिहावा, हा त्याचा विषय. आणि निबंधाच्या शीर्षकात त्यांनी शब्द वापरला होता ‘डायग्नोसिस’, म्हणजे निदान. आमचाच शब्द. संगणकशास्त्र नुकते रांगत होते तेव्हाच त्यातल्या जाणत्यांना कळले होते की चूक शोधणे हे निदानाचे काम आहे आणि निदानाला साधने लागतात.

ती साधने आणि ती शिस्त नसली तर काय होते, याचे सर्वांत भयंकर उदाहरण वैद्यकातलेच आहे. थेरॅक-२५ हे कर्करोगाला किरणोपचार देणारे यंत्र. कॅनडाच्या ‘ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड’ या सरकारी कंपनीने ते बनवले होते. अमेरिकेत पाच आणि कॅनडात सहा, अशी एकूण अकरा यंत्रे बसवली गेली. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात या यंत्रांनी सहा रुग्णांना ठरवलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरण दिले. काही जण त्यातच दगावले, बाकीचे गंभीर जखमी झाले.

यंत्र दोन प्रकारे काम करी. वरवरच्या गाठीसाठी इलेक्ट्रॉनचा सौम्य झोत, आणि खोलवरच्या गाठीसाठी क्ष-किरण. क्ष-किरण तयार करायला इलेक्ट्रॉनचा झोत सुमारे शंभरपट तीव्र लागतो, पण तो थेट रुग्णावर पडत नाही. मध्ये धातूचा अडसर येतो, झोत त्यावर आदळतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात. म्हणजे तीव्र झोत चालू आहे आणि अडसर जागेवर नाही, ही स्थिती कधीही येता कामा नये. आधीच्या थेरॅक-२० या यंत्रात ती येऊ नये म्हणून स्वतंत्र विद्युत-यांत्रिक कुलुपे होती. थेरॅक-२५ मध्ये ती काढून टाकली आणि भरवसा सॉफ्टवेअरवर ठेवला. ते सॉफ्टवेअर एकाच माणसाने काही वर्षांत, जुन्या यंत्राच्या प्रोग्रॅमवरून वाढवत आणले होते.

२१ मार्च १९८६. टेक्सासमधल्या टायलर गावचे कर्करोग केंद्र. पाठीवर उपचार घ्यायला आलेल्या एका पुरुष रुग्णाची माहिती ऑपरेटर बाईंनी टंकली. सवयीने इलेक्ट्रॉनऐवजी क्ष-किरणाचे अक्षर पडले. त्यांच्या लगेच लक्षात आले. बाणाच्या कळीने त्या वर गेल्या, अक्षर दुरुस्त केले, भराभर एंटर दाबत खाली आल्या आणि उपचार सुरू केला. पडद्यावर उमटले, ‘मालफंक्शन ५४’. याचा अर्थ काय, हे यंत्राच्या पुस्तिकेत धड लिहिलेले नव्हते. असे संदेश रोजच येत, एखाद्या दिवशी चाळीसपर्यंत, म्हणून बाईंनी नेहमीप्रमाणे ‘पुढे चालू’ची कळ दाबली. आतल्या खोलीत त्या माणसाला पाठीत विजेचा झटका बसल्यासारखे वाटले, तो उठू लागला, तेवढ्यात दुसरा झटका बसला. खोलीतला कॅमेरा त्या दिवशी जोडलेला नव्हता आणि आवाज ऐकू येणारी यंत्रणा बिघडलेली होती. ठरलेली मात्रा होती १८० रॅड. नंतरच्या अंदाजानुसार त्याला एका सेकंदाच्या आत साडेसोळा हजार ते पंचवीस हजार रॅड मिळाले होते. पाच महिन्यांनी तो वारला.

कंपनीचे अभियंते आले, त्यांनी यंत्र तपासले. बिघाड पुन्हा घडवून आणता येईना. यंत्र जादा मात्रा देऊच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. विजेचा धक्का असेल म्हणून तेही तपासून झाले. ७ एप्रिलला यंत्र पुन्हा सुरू झाले आणि ११ एप्रिलला त्याच ऑपरेटरच्या हातून, त्याच संदेशासह दुसरा रुग्ण भाजला. तो तीन आठवड्यांत गेला.

त्यानंतर केंद्राचे भौतिकतज्ज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी जे केले ते प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला सांगावे असे आहे. त्यांनी यंत्र बंद केले आणि ऑपरेटरला समोर बसवून पूर्ण ‘हिस्टरी’ घेतली. आधी काय टंकले, मग कुठली कळ, मग काय? दोघे तोच क्रम पुन्हा पुन्हा करत राहिले. अखेर उमगले की सारे गुपित वेगात आहे. दुरुस्ती सावकाश केली तर काही होत नाही. सराईत हाताने भराभर केली की ‘मालफंक्शन ५४’ उमटते. कंपनीच्या अभियंत्यांना बिघाड सापडला नव्हता, कारण त्यांची बोटे तेवढी सरावलेली नव्हती.

आत घडत होते ते असे. माहिती भरली की प्रोग्रॅमचा एक भाग ती वाचून यंत्रातली चुंबके जुळवायला लागे. या कामाला सुमारे आठ सेकंद लागत. त्या आठ सेकंदांत ऑपरेटरने काही बदलले तर पडद्यावर नवी माहिती दिसे, पण चुंबके जुळवणारा भाग मागे वळून पाहत नसे. वॉर्डात राउंडच्या वेळी डॉक्टरांनी केसपेपरवर डोस खोडून नवा लिहावा, आणि सिस्टरने जुना वाचून सिरिंज आधीच भरून घेतलेली असावी, तसे. दोन कामे एकाच वेळी चालतात आणि कोण आधी पोचते त्यावर निकाल ठरतो. प्रोग्रॅमर याला ‘रेस कंडिशन’, म्हणजे शर्यतीचा दोष म्हणतात. कंपनीचा तातडीचा उपाय काय होता? ती बाणाची कळ काढून टाका आणि खालचा स्विच चिकटपट्टीने बंद करा!

एवढ्यावर संपले नाही. जानेवारी १९८७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा इथे आणखी एक रुग्ण भाजला, आणि तिथला दोष निराळा होता. यंत्राची स्थिती तपासायची की नाही हे सांगणारा एक आकडा प्रोग्रॅम दर फेरीला एकाने वाढवत होता. तो आकडा ठेवायची जागा होती एक बाइट, जिच्यात ० ते २५५ एवढेच मावते. जीपचा मीटर सगळे नऊ झाले की पुन्हा शून्यावर येतो, तसा दर २५६ व्या फेरीला आकडा शून्य होई. शून्याचा अर्थ होता ‘सर्व ठीक, तपासू नका’. नेमक्या त्या क्षणी कळ दाबली गेली. दुरुस्ती अगदी छोटी होती: आकडा वाढवण्याऐवजी दर वेळी एक ठरावीक किंमत ठेवायची.

पुढे कळले की शर्यतीचा हाच दोष जुन्या थेरॅक-२० मध्येही होता. शिकागो विद्यापीठात विद्यार्थी त्या यंत्रावर शिकत असताना त्याचे फ्यूज उडत. फ्यूज उडे, यंत्र बंद पडे, रुग्ण वाचे, आणि चूक झाकली जाई. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या सर्व प्रकरणाचा सविस्तर शोध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे न्याय्य आहे की दोष एका ओळीचा नव्हता, सगळी सुरक्षा एकाच गोष्टीवर टांगून ठेवली हा मोठा दोष. ते मान्य करूनही माझ्यासारख्या डॉक्टरला एक गोष्ट खुपते. यंत्राच्या पोटात त्या आठ सेकंदांत काय चालले आहे, हे कुणालाच दिसत नव्हते. आम्ही क्ष-किरण, ईसीजी आणि सोनोग्राफीने माणसाच्या आत पाहतो. त्या यंत्रात डोकावायला खिडकी नव्हती.

ती खिडकी आज फुकट मिळते. ‘जीडीबी’ हा डीबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी लिहिला तो १९८६ मध्येच, टायलरच्या अपघातांच्या वर्षी, आणि तो आजही कुणालाही मोफत वापरता येतो. डीबगरने चालता प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवता येतो. याला ब्रेकपॉइंट म्हणतात. थांबल्यावर प्रत्येक आकड्याची त्या क्षणीची किंमत वाचता येते, एकेक पाऊल पुढे टाकता येते. एखाद्या आकड्यावर पहारा बसवून ‘हा बदलला की मला थांबव’ असेही सांगता येते. याकिमाच्या त्या आकड्यावर कुणी असा पहारा बसवला असता तर २५५ नंतरचे शून्य डोळ्यांसमोर आले असते. प्रोग्रॅम कोसळला की तो कुठून कुठे जात इथवर आला याची यादी मिळते, ती तर रुग्णाची आयती हिस्टरीच. मेमरीतल्या चुका पकडणारे ‘व्हॅलग्रिंड’सारखे प्रोग्रॅम आहेत, आणि शर्यतीचे दोष पकडण्यासाठी ‘थ्रेड सॅनिटायझर’ नावाचे खास साधन आहे.

काही दोष पाहायला गेले की पळतात. दवाखान्यात रक्तदाब वाढतो आणि घरी नॉर्मल असतो, असे रुग्ण आम्हाला रोज भेटतात. प्रोग्रॅममध्ये याच्या उलटे होते. आत काय चालले आहे ते छापायला एक ओळ घातली की वेळेचे गणित किंचित बदलते आणि दोष गायब. ओळ काढली की पुन्हा हजर. अशा वेळी आम्ही धडधडीच्या रुग्णाला जे करतो तेच करावे लागते. तपासताना ईसीजी चांगला निघतो, म्हणून छातीवर होल्टर लावून चोवीस तासांची नोंद घेतो.

‘होल्टर’चे अस्सल उदाहरण मंगळावर घडले. ४ जुलै १९९७ रोजी नासाचे पाथफाइंडर यान तिथे उतरले आणि काही दिवसांत त्याचा संगणक अधूनमधून आपोआप रीसेट होऊ लागला. दुरुस्तीला माणूस पाठवणे अशक्य. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत तसाच संगणक ठेवून त्यात प्रत्येक घडामोडीची नोंद करणारी सोय चालू केली आणि बिघाड होईपर्यंत तो चालवत ठेवला. नोंदीत कारण सापडले. हवामानाची माहिती घेणारे एक कमी महत्त्वाचे काम सामाईक साधन अडवून बसे, मधल्या दर्जाचे काम त्याला पुरे होऊ देत नसे, आणि सर्वांत महत्त्वाचे काम ताटकळत राही. इंटर्नने वॉर्डातले एकुलते ईसीजी यंत्र घेतले, वाटेत त्याला दुसऱ्याच कुणीतरी कामाला जुंपले, आणि अपघात विभागातला छातीदुखीचा रुग्ण यंत्राची वाट पाहतोय, असा प्रकार. उपाय एका सेटिंगचा होता, तो इथूनच पाठवला गेला. हे जमले, कारण तपासणीची सोय उड्डाणापूर्वी काढून न टाकता यानात तशीच ठेवली होती.

चूक होण्याआधीच शोधणारी साधने हा यातला सर्वांत आश्वासक भाग मला वाटतो, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. हे प्रोग्रॅम न चालवता नुसता वाचून धोक्याच्या जागा दाखवतात: इथे शून्याने भागाकार होऊ शकतो, इथे आकडा जागेत मावणार नाही. आरोग्य क्षेत्रात याला चाळणी तपासणी म्हणतात. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात यंत्रांत बसवायच्या प्रोग्रॅमसाठी असे साधन तयार झाले. टीसीएसच्या संशोधकांचे ‘व्हेरिॲब्स’ हे साधन २०२० आणि २०२१ मध्ये प्रोग्रॅम पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एका मुख्य गटात पहिले आले. वैद्यकात याची गरज किती? अमेरिकेच्या एफडीएकडे २००५ ते २००९ या पाच वर्षांत औषध सोडणाऱ्या पंपांबद्दल सुमारे ५६ हजार तक्रारी आल्या आणि ८७ वेळा पंप परत मागवावे लागले. कारणांत सॉफ्टवेअरचे दोष ठळक होते. २०१० मध्ये एफडीएने उत्पादकांना पर्याय दिला की विक्रीच्या परवानगीआधी हवे तर तुमचा कोड आमच्याकडे पाठवा, आमचे तज्ज्ञ तो तपासतील. आपल्याकडेही १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणाच्या कायदेशीर व्याख्येत सॉफ्टवेअर आले आहे.

साधनांच्या विरोधातली बाजूही ऐकण्यासारखी आहे. ब्रायन कर्निगन यांनी पूर्वीच लिहून ठेवले की चूक शोधायचे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे शांतपणे केलेला विचार आणि मोक्याच्या जागी छापून घेतलेली माहिती. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी डीबगर आपल्याला आवडत नाहीत असे २००० साली उघड म्हटले होते. हे वाचताना मला आमचे जुने प्राध्यापक आठवतात. रुग्णाच्या पोटाला हात न लावता सोनोग्राफी लिहिली की ते चिडत. त्यांचे चिडणे बरोबर होते. पण हात लावून झाल्यावर सोनोग्राफी नाकारणारा त्यांच्यातला एकही नव्हता. टॉरवाल्ड्स यांच्याएवढा अनुभव असलेल्याने डीबगर नाकारावा, दुसऱ्या वर्षाच्या मुलाने नव्हे.

मुले साधने वापरत नाहीत याचा दोष मी त्यांना फारसा देत नाही. आपल्याकडच्या कितीतरी पिढ्या टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर प्रोग्रॅम शिकल्या. त्या निळ्या पडद्यात डीबगर होता. एफ-७ आणि एफ-८ दाबले की प्रोग्रॅम एकेक ओळ चालत असे. पण प्रॅक्टिकलच्या परीक्षेला उत्तर बरोबर आले की गुण मिळत, म्हणून सर्वांना पाठ होते ते फक्त कंट्रोल-एफ-९, म्हणजे ‘चालव’. आता एआय आख्खा प्रोग्रॅम लिहून देते. दुसऱ्याने लिहिलेला, आपण न वाचलेला कोड तपासायला तर साधने आधीपेक्षा जास्त लागणार. चुकलेला प्रोग्रॅम हाती देऊन ‘कारण शोध आणि कसे शोधलेस ते लिही’ असा प्रश्न परीक्षेत आला तर एका सत्रात फरक पडेल. आम्हाला ‘लाँग केस’ला रुग्णच देत असत, पाठ्यपुस्तक नव्हे.

प्रोग्रॅम न लिहिणाऱ्या वाचकांसाठीही यात एक काम आहे. घरातला शुगर मोजायचा ग्लुकोमीटर, बीपीचे यंत्र किंवा रुग्णालयातला पंप विचित्र वागला, तर बंद करून पुन्हा चालू करण्याआधी पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा. वेळ, उमटलेला संदेश किंवा आकडा, त्याआधी दाबलेल्या कळा आणि यंत्राचा मॉडेल क्रमांक लिहून ठेवा. पंप किंवा व्हेंटिलेटर असेल तर आधी सिस्टरला हाक मारा, फोटो नंतर. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद घेण्यासाठी देशात २०१५ पासून ‘मटेरिओव्हिजिलन्स’ कार्यक्रम आहे. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवतो, आणि तिथे डॉक्टर-परिचारिकांप्रमाणे रुग्णही कळवू शकतात. कळवताना ‘मशीन बिघडले’ एवढेच लिहू नका. टायलरच्या ऑपरेटरबाईंनी हेगर यांना सांगितला तसा कळांचा क्रम लिहा.